हॅरी फर्ग्युसन : चारही चाकांना कामाला लावणारा माणूस

गेल्या डिसेंबरात कॅम्पवरून परत येताना शाळेची पिकअप डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावर अडकली. रात्री पाऊस झाला होता. गाडी फोर-व्हील-ड्राइव्ह आहे. एमटीच्या उस्तादांनी लिव्हर ओढून पुढची चाकंही जोडली आणि ॲक्सिलरेटर दिला. तरी चिखलातली दोनच चाकं, पुढचं एक आणि मागचं एक, जागच्या जागी गरगर फिरत राहिली. खडकावर असलेली दुसरी दोन चाकं ढिम्म हलली नाहीत. शेवटी आम्ही बारा जणांनी चाकांखाली दगड घालून गाडी ढकलली आणि चिखलाने माखून शाळेत आलो.

चारही चाकं इंजिनाला जोडलेली होती, तर दोनच का फिरली, असं मी उस्तादांना विचारलं. त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. सुट्टीत घरी जातो आहेस, तर उत्तर तिथूनच शोधून आण, असं सांगितलं. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी काकांचा मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर आहे. नांगरताना एक चाक घसरायला लागलं की काका टाचेने एक पेडल दाबतात आणि ट्रॅक्टर पुढे सरकतो. त्याला डिफरन्शियल लॉक म्हणतात. त्या ट्रॅक्टरवर ज्याचं आडनाव लिहिलेलं आहे, त्या माणसाने आयुष्याची शेवटची दहा वर्षं माझ्याच प्रश्नावर घालवली होती, हे मला नंतर शाळेच्या वाचनालयात कळलं. त्यांची ही ओळख.

हॅरी फर्ग्युसन यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ रोजी आयर्लंडच्या उत्तर भागात, काउंटी डाउनमधल्या ग्रोवेल या खेड्यात झाला. वडील शेतकरी होते, शिस्तीचे आणि अतिशय धार्मिक. हॅरी अंगाने किरकोळ होते आणि शेतीच्या कामात त्यांचं मन रमत नव्हतं. चौदाव्या वर्षी त्यांची शाळा सुटली. काही वर्षं शेतावर राबल्यावर त्यांनी देश सोडून कॅनडाला जायचं जवळजवळ ठरवलं होतं. पण १९०२ मध्ये मोठा भाऊ जो याने त्यांना बेलफास्टमधल्या आपल्या सायकल आणि मोटार दुरुस्तीच्या दुकानात कामाला घेतलं. इंजिनाचा बिघाड ओळखण्यात हॅरींचा हात लवकरच बसला. दुकानाचं नाव व्हावं म्हणून ते मोटारसायकलच्या शर्यतींतही उतरू लागले.

त्याच सुमारास जगभर विमानांची चर्चा सुरू होती. हॅरींनी स्वतःच विमान बांधायचं ठरवलं. ३१ डिसेंबर १९०९ रोजी, जोराच्या वाऱ्यात, हिल्सबरो येथे त्यांनी आपलं विमान जमिनीवरून उचललं आणि सुमारे १२० मीटर अंतर कापलं. आयर्लंडच्या भूमीवरून उडालेला तो पहिला माणूस. वय होतं २५. पुढे काही अपघात झाले आणि त्यांनी विमानं सोडली. पण एक सवय कायम राहिली. जे यंत्र डोक्यात आहे ते स्वतः बनवून, स्वतः चालवून, लोकांसमोर सिद्ध करायचं.

१९११ मध्ये त्यांनी बेलफास्टमध्ये स्वतःचा मोटारीचा धंदा सुरू केला. पहिलं महायुद्ध आलं आणि अन्नधान्याची टंचाई झाली. १९१७ मध्ये सरकारने त्यांच्यावर आयर्लंडमधल्या ट्रॅक्टरांची कामगिरी सुधारण्याची जबाबदारी टाकली. विली सँड्स या आपल्या कुशल मेकॅनिकला बरोबर घेऊन ते शेतोशेत फिरले. शेतकऱ्याचा मुलगा शेती सोडून गेला होता, तो अशा रीतीने पुन्हा शेतात परतला.

तेव्हाचे ट्रॅक्टर म्हणजे लोखंडी बैलच होते. बैलांना जसा मागे नांगर जोडतात, तसा नांगर साखळीने किंवा दांड्याने ट्रॅक्टरमागे ओढला जाई. यात एक जीवघेणा धोका होता. नांगराचा फाळ जमिनीतल्या दगडाला अडकला की मागची चाकं थांबतात, पण इंजिन चालूच असतं. मागच्या एक्सलमध्ये पिनियन हा छोटा दातेरी गियर क्राउन व्हील या मोठ्या गियरला फिरवतो. क्राउन व्हील अडलं तर पिनियन त्याच्या दातांवर चढू लागतो आणि त्याच्याबरोबर ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जातं. ट्रॅक्टर मागे उलटतो आणि चालक खाली सापडतो. असे कित्येक जण मेले.

यावर बाकीच्यांचा उपाय साधा होता, ट्रॅक्टर आणखी जड करा. जड ट्रॅक्टर महाग पडतो, तेल जास्त पितो आणि माती दाबून टाकतो. लहान शेतकऱ्याला तो परवडत नाही. फर्ग्युसन यांनी उलटा विचार केला. नांगराला मातीचा जो विरोध होतो, तोच वापरता येईल का? त्यांनी नांगर ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडला. खाली दोन दांडे ओढण्यासाठी आणि वर एक दांडा, ज्याला आपल्याकडचे शेतकरी टॉपलिंक म्हणतात. फाळाला जोर लागला की वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढे रेटतो, त्यामुळे पुढचं तोंड वर उठत नाही. त्याच वेळी नांगराचा भार मागच्या चाकांवर येतो आणि त्यांची पकड वाढते. विरोध फार वाढला तर हायड्रॉलिक पंप नांगर आपोआप थोडा वर उचलतो. हलका ट्रॅक्टर जड कामाला पुरा पडू लागला. आज भारतातल्या कुठल्याही गावात ट्रॅक्टरच्या मागे पाहिलं तर हेच तीन दांडे दिसतील.

हे लिहायला मला एक परिच्छेद लागला, त्यांना सुमारे १५ वर्षं लागली. १९३३ मध्ये त्यांनी पूर्ण नमुना बनवला. तो काळ्या रंगाचा होता म्हणून त्याला ब्लॅक ट्रॅक्टर म्हणतात. १९३६ पासून डेव्हिड ब्राउन यांच्या कारखान्यात त्यांचे ट्रॅक्टर बनू लागले, पण खप कमी होता आणि दोघांचं पटेना. मग १९३८ मध्ये फर्ग्युसन आपला ट्रॅक्टर जहाजावर चढवून अमेरिकेला गेले आणि डिअरबॉर्नला हेन्री फोर्ड यांच्यासमोर त्यांनी तो चालवून दाखवला. फोर्ड प्रभावित झाले. ट्रॅक्टर फोर्ड बनवणार आणि फर्ग्युसन विकणार, असा करार दोघांनी केला. कागद नाही, वकील नाही, फक्त हस्तांदोलन. १९३९ पासून तो ट्रॅक्टर बाजारात आला आणि १९४७ पर्यंत तीन लाखांहून अधिक बनले.

पण हस्तांदोलन करणारा हात गेला की शब्द कोण पाळणार? फोर्ड यांच्या नातवाने कारभार हाती घेतल्यावर तो करार संपवला आणि फर्ग्युसन यांच्या कल्पना असलेला नवा ट्रॅक्टर स्वतःच विकायला काढला. फर्ग्युसन यांनी २५ कोटी १० लाख डॉलरचा दावा लावला. खटला चार वर्षं चालला. १९५२ मध्ये साडेब्याण्णव लाख डॉलरवर तडजोड झाली. मागितलेल्या रकमेच्या तुलनेत हे फारच थोडं होतं. तरी जगातल्या सर्वांत मोठ्या कारखानदारांपैकी एकाला त्या कल्पनांसाठी पैसे मोजावे लागले, हेही खरं.

दरम्यान ते इंग्लंडमध्ये परतले होते. कॉव्हेंट्री शहरात बॅनर लेन येथे युद्धकाळात विमानांची इंजिनं बनवणारा कारखाना होता. तिथे १९४६ पासून टीई-२० हा राखाडी रंगाचा छोटा ट्रॅक्टर तयार होऊ लागला. दहा वर्षांत पाच लाखांहून अधिक बनले. या ट्रॅक्टरबरोबर एक पाना मिळत असे. रोजची बहुतेक कामं त्या एकाच पान्याने होत आणि त्याच्यावर इंचाच्या खुणा असल्याने मोजपट्टीचंही काम होई. शेतकऱ्याच्या हातात नेमकं काय असतं, याचा विचार करणाऱ्यालाच असं सुचतं. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी यांनी अंटार्क्टिकात हेच ट्रॅक्टर चाकांवर पट्टे चढवून नेले आणि ४ जानेवारी १९५८ रोजी ते दक्षिण ध्रुवावर पोचले. मोटारवाहनाने जमिनीवरून तिथे पोचणारे ते पहिलेच.

१९५३ मध्ये फर्ग्युसन यांची कंपनी कॅनडाच्या मॅसी-हॅरिस कंपनीत विलीन झाली. त्यातूनच पुढे मॅसी फर्ग्युसन हे नाव आलं. या सौद्यात दहा लाख डॉलरचा फरक पडत होता, तो नाणं उडवून मिटवला गेला. फर्ग्युसन हरले आणि त्यांनी ते हसत मान्य केलं. त्यांच्याजवळ आता पैसा होता, नाव होतं आणि वय सत्तरीकडे झुकलेलं होतं. आराम करायला हरकत नव्हती. पण त्यांनी मोटारगाडीच्या सुरक्षेचा विषय हाती घेतला.

इथे माझ्या प्रश्नाकडे वळतो. गाडी वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर जावं लागतं. दोन्ही चाकं एकाच सळईला पक्की जोडली तर एक चाक घासलं जाईल. म्हणून एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल असतो. तो दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतो, पण फिरवणारा जोर दोघांना सारखाच देतो. हा सारखेपणाच चिखलात घात करतो. चिखलातल्या चाकाला फिरायला अगदी थोडा जोर पुरतो, म्हणून खडकावरच्या चाकालाही तेवढाच थोडा मिळतो. तेवढ्याने गाडी हलत नाही. आमच्या पिकअपमध्ये पुढचा आणि मागचा एक्सल जोडलेला होता, पण प्रत्येक एक्सलमधला डिफरन्शियल मोकळा होता. म्हणून पुढचं एक आणि मागचं एक चाक फिरलं, बाकीची दोन थांबली. उत्तर एवढं सोपं होतं.

मग सगळंच पक्कं का जोडू नये? कारण मग गाडी नीट वळत नाही. वळणावर पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा मोठा वळसा घेतात, म्हणजे पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या गतीतही फरक पडतो. जीपसारख्या गाडीत हे दोन्ही एक्सल लिव्हरने पक्के जोडले जातात. चिखलात चाकं थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र ती घसरू शकत नाहीत. शाफ्टला पीळ पडतो, टायर झिजतात आणि स्टिअरिंग जड होतं. म्हणून फोर-व्हील-ड्राइव्ह फक्त खराब रस्त्यावर घालायचा, असा नियम आहे. पण ओल्या, निसरड्या डांबरी रस्त्यावर, जिथे सामान्य माणसाचे अपघात होतात, तिथे काय? फर्ग्युसन यांना नेमकी तीच जागा भरून काढायची होती.

या कामासाठी १९५० मध्ये त्यांनी वेगळी संशोधन कंपनी काढली. तिथे त्यांच्याबरोबर फ्रेडी डिक्सन हे शर्यतपटू, क्लॉड हिल हे इंजिनिअर आणि टोनी रोल्ट होते. रोल्ट यांच्याबद्दल कॅडेटांना नक्की आवडेल असं काही सांगतो. ते ब्रिटिश सैन्यातले अधिकारी होते. १९४० मध्ये कॅलेच्या लढाईत त्यांनी मिलिटरी क्रॉस मिळवला आणि ते जर्मनांच्या कैदेत पडले. पुन्हा पुन्हा पळायचा प्रयत्न केल्यामुळे त्यांना कोल्डिट्झच्या किल्ल्यात ठेवलं गेलं. तिथे कैद्यांनी माळ्यावर चोरून एक ग्लायडर बांधला, त्या बेतात रोल्ट होते. सुटका झाल्यावर १९५३ मध्ये त्यांनी ल माँची २४ तासांची शर्यतही जिंकली. असा माणूस फर्ग्युसन यांच्या कल्पनेवर विश्वास ठेवून कामाला लागला.

त्यांचं उत्तर असं होतं. पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मधोमध तिसरा डिफरन्शियल बसवायचा. वळणासाठी लागतो तेवढा थोडा फरक त्याने मोकळेपणी होऊ द्यायचा. फरक त्याहून वाढू लागला, म्हणजे कुठलं तरी चाक घसरायला लागलं, की एकाच दिशेने फिरणारे क्लच पकड घेतात आणि दोन्ही एक्सल आपोआप जोडले जातात. चालकाने लिव्हर ओढायची गरज नाही. पूर्ण मोकळीकही नाही आणि पूर्ण बंधनही नाही. एका ठरावीक मर्यादेपर्यंत सूट, त्यापुढे सगळ्यांनी एकत्र. शिवाय विमानांसाठी बनवलेली, चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणाही त्यांनी नमुना गाडीत बसवली. आज ज्याला एबीएस म्हणतात, त्याच जातीची ती यंत्रणा.

मोटार कंपन्यांनी हे पाहिलं, वाखाणलं आणि घेतलं नाही. खर्च वाढतो, वजन वाढतं, ग्राहक मागत नाही, ही त्यांची कारणं. फर्ग्युसन हट्टी होते आणि तडजोड त्यांना जमत नसे, याचाही परिणाम झाला असावा. ट्रॅक्टरच्या वेळी शेतात चालवून दाखवलं की शेतकऱ्याला पटत असे. इथे तसं झालं नाही. शेवटी शर्यतीत उतरून सिद्ध करायचं ठरलं. पी-९९ नावाची शर्यतीची गाडी बांधायला घेतली गेली. २५ ऑक्टोबर १९६० रोजी, ती धावण्याआधीच, स्टो-ऑन-द-वोल्ड येथील राहत्या घरी फर्ग्युसन यांचं निधन झालं.

अकरा महिन्यांनी, २३ सप्टेंबर १९६१ रोजी, इंग्लंडमधल्या ओल्टन पार्क येथे ओल्या रस्त्यावर स्टर्लिंग मॉस यांनी ती पी-९९ चालवली आणि शर्यत जिंकली. चारही चाकांना जोर असलेल्या गाडीने फॉर्म्युला वनची शर्यत जिंकल्याचं हे एकमेव उदाहरण आहे. ती शर्यत जागतिक स्पर्धेच्या गुणांत धरली जात नव्हती, पण सिद्ध करायचं होतं ते सिद्ध झालं. १९६६ मध्ये जेन्सन एफएफ या गाडीत त्यांची पद्धत आणि ती ब्रेक यंत्रणा दोन्ही आल्या. ती गाडी महाग होती, फक्त ३२० बनल्या. रोल्ट यांनी काम सोडलं नाही. त्यांनी पुढे विकसित केलेली पद्धत १९८० च्या अमेरिकन ईगल गाडीत वापरली गेली. आज चारही चाकांना जोर देणाऱ्या कितीतरी साध्या मोटारी चालकाला न विचारता हेच काम करतात.

सुट्टीनंतर मी उस्तादांना उत्तर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढचा प्रश्न टाकला. आपल्या पिकअपचा डिफरन्शियल बदलायचा झाला, तर कोणता निवडशील?

यावर मी दोन दिवस विचार केला. आधी गियरचं गुणोत्तर. क्राउन व्हीलला ४१ दात आणि पिनियनला ११ असतील तर गुणोत्तर ३.७३ येतं, पिनियनला १० असतील तर ४.१०. एका दाताचा फरक, पण चाकाला मिळणारा जोर सुमारे १० टक्क्यांनी वाढतो. त्याची किंमत म्हणजे त्याच वेगाला इंजिन १० टक्के जास्त फिरतं आणि तेल जास्त लागतं. हायवेवर धावणाऱ्या गाडीला ३.७३ बरं. आमची गाडी सामान भरून चढ चढते, म्हणून ४.१०. मोठे टायर बसवले असतील तर त्यांनी कमी केलेला जोर भरून काढायलाही मोठा आकडाच लागतो. मात्र जे घ्यायचं ते पुढे आणि मागे एकच. पुढे ४.१० आणि मागे ३.७३ बसवलं आणि एक्सल जोडले, तर मागची चाकं पुढच्यांपेक्षा १० टक्के जास्त फिरू पाहतील आणि काहीतरी तुटेल.

आता डिफरन्शियल. मागे लॉक होणारा हवा, चालकाने हवा तेव्हाच घालावा आणि डांबरी रस्त्यावर येण्याआधी काढावा असा. पुढचा मोकळाच राहू द्यावा, कारण पुढच्या चाकांना वळायचं असतं. खडकावरचं मागचं चाक त्या दिवशी नुसतं फिरलं असतं, तरी आम्हाला ढकलावं लागलं नसतं.

उस्तादांनी मान हलवली. मग गाडीखाली जाऊन मागचा एक्सल आधी नीट पुसायला सांगितलं. फर्ग्युसन यांनाही घाणेरडं यंत्र आणि विस्कटलेलं वर्कशॉप मुळीच खपत नसे, त्यामुळे मी तक्रार केली नाही.

एक गोष्ट मात्र मनात राहिली. मोकळ्या डिफरन्शियलमध्ये ज्याचे पाय खडकावर आहेत तो नुसता उभा राहतो आणि चिखलातला एकटाच गरगरतो. आमच्या सेक्शनमध्येही कधी कधी असंच होतं. सेक्शन कमांडर म्हणून मी सगळ्यांना सारखं काम वाटून देतो आणि मोकळा होतो. कोण घसरतो आहे ते पाहून, ज्याचे पाय घट्ट आहेत त्याच्यावर वेळेत जोर टाकणं, हे कमांडरचं काम आहे. फर्ग्युसन यांनी ते गियर आणि क्लच वापरून केलं. आम्हाला ते पुढच्या कॅम्पवर करून पाहायचं आहे.